तान्ह्या पोळ्याचा 'फुकट' फोटो आम्हाला ४,५०० ला पडला. चूक कोणाची?

सेलूची सून
तान्ह्या पोळ्याला शाळेच्या पटांगणाजवळ एक मांडव होता. पाटी होती, 'लाकडी बैलासोबत लेकराचा फोटो फुकट'. माझा ५ वर्षांचा पोरगा धोतर-फेटा बांधून, बैल ओढत थेट तिथंच. त्यांनी पंधरा-वीस फोटो काढले, कागदावर नंबर आणि सही घेतली. आठवड्यानं फोन आला, फोटो पाहायला तालुक्याला या.

गेलो. मोठ्या पडद्यावर गाणं लावून एकेक फोटो. आम्ही दोघंही पाघळलो. मग भाव निघाला. फुकट होता तो एकच, ४ बाय ६ चा. अल्बम ४,५००, फ्रेम वेगळी, सॉफ्ट कॉपीचे आणखी १,२००. सुटे फोटो देत नाही म्हणे. विचार करून सांगतो म्हटलं, तर 'आज संध्याकाळी कार्ड रिकामं करतो मॅडम, डिलीट होतील.' पोरगा बाजूला उभा राहून विचारून राहिला, 'आई, मी डिलीट होणार काय?'

अल्बम घेतला. पोळ्याला कोणत्या शेतकऱ्याच्या घरी पैसा असतो? कापूस यायचा दसरा-दिवाळीला, तोवर कृषी केंद्राची उधारी. २,००० रोख दिले, बाकी कापसावर. माझं म्हणणं एवढंच, की कॅमेरा उचलायच्या आधी भाव सांगा.

संत्रेवाला, मोर्शी
ताई, राग नका मानू, पण तुमच्या गळ्याले कोणी विळा लावला होता काय? बाजारात १० रुपयांच्या वांग्यासाठी आपण अर्धा तास हुज्जत घालतो. इथं काऊन तोंड बंद झालं? म्या बी पोरीच्या वाढदिवसाले ७,००० घातले. अल्बम आलमारीत हाय, पण आमच्या बुढीले तो रोज पाहाले लागते. पैसे वसूल.

सेलूची सून
वांगं मला आई म्हणत नाही भाऊ.

तालुक्याचा फोटोवाला
माझा स्टुडिओ आहे, ताई गेल्या तो नव्हे. दुसरी बाजू ऐका. मोबाईल आल्यापासून आमच्याकडे उरलं काय? पासपोर्ट साईज आणि लग्नसराई. मांडव टाकला की ४० घरं फोटो काढून घेतात, त्यातली १० अल्बम घेतात. बाकी ३० घरांचा पेट्रोल, पोऱ्याची मजुरी, मांडवाचं भाडं या १० जणांतूनच निघतं. अर्धे लोक पडद्याचाच मोबाईलनं फोटो काढून जातात. पाटीवर आधीच भाव लिहिला तर मांडवात कोणी येणार नाही. आणि कार्ड रिकामं करावंच लागतं, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव असते.

सेलूची सून
पडद्यावर फोटो कॉम्प्युटरवरून दाखवत होते, दादा. कार्ड तर केव्हाचंच रिकामं झालं असेल. आणि भाव कळला तर कोणी येणार नाही, हे तुम्हीच लिहिलं.

निवृत्त लिपिक, यवतमाळ
कायद्याचं थोडं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : आपल्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्क मोबदला देणाऱ्याचा, उलट करार नसेल तर. गोम अशी, की फोटो 'फुकट' काढला म्हटलं की मोबदला होता काय, इथूनच वाद. म्हणून त्या सहीच्या कागदावर काय छापलं होतं ते पाहा. लेकराचा फोटो त्यांच्या जाहिरातीत वापरायची परवानगीही त्यातच असू शकते.

दुसरं, बिल मागा. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही.

संत्रेवाला, मोर्शी
अडीच हजाराच्या उधारीसाठी जिल्ह्याच्या चकरा? बसभाड्यातच अल्बम निघते बावा.

गुरुजी
आयोगाचं राहू द्या. शाळेत ग्रुप फोटो वाटताना ज्याच्या घरून पैसे आले नाहीत, ते पोट्टं दप्तरात तोंड खुपसून बसते. मी वर्गात वाटणं बंद केलं, पालकसभेत देतो. मुख्याध्यापक नाराज आहेत, कारण विक्री कमी झाली.

तालुक्याचा फोटोवाला
गुरुजी, शाळाही वाटा मागते, तेही लिहा ना. बिल मात्र मागेल त्याला मी देतो. महिन्यातून एखादा मागतो.

सेलूची सून
आज बिलासाठी फोन केला. 'साहेब गावोगावी फिरून राहिले, पुढच्या आठवड्यात पाहू.' मग सही केलेल्या कागदाचा फोटो तरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका म्हटलं. दोन निळ्या रेघा दिसतात, कागद नाही.