क्रोशाचा रुमाल, कागदावर

काल बालगंधर्व कलादालनात जलरंगातल्या एका चित्रापुढून पाय निघेना. काळपट लाकडी रेडिओ, त्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल, एक कोपरा पुढे लोंबतोय. जवळ जाऊन पाहिलं तर पांढरा रंग कुठेच नाही! कागद कोरा सोडलाय आणि रंगवलीत ती फक्त भोकं, म्हणजे भोकांतून दिसणारं लाकूड. आजी ‘पाच साखळ्या, तीन खांब’ पुटपुटत विणायची, ते कानात आलं. तिचा रुमाल आमच्या टीव्हीवर असायचा. टीव्ही सपाट झाला, रुमाल कुठे गेला कुणास ठाऊक. घरातल्या विणकामाचं, भरतकामाचं असं चित्र कुणी काढलंय, पाहिलंय? लिहा ना.

रानजाई: टीव्हीवर, रेडिओवर, आमच्याकडे तर फ्रीजच्या मुठीलासुद्धा!

टिपकागद: पांढरं राखणं हेच जलरंगात अवघड. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावलं की कडा कडक येतात, दोरा तारेसारखा दिसतो. आईची गोधडी काढली तेव्हा आधी फिका पिवळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात दिला, वाळल्यावर टाक्याटाक्याशेजारी बारीक सावली. टाका रंगवायचाच नाही, त्यानं ओढलेली सुरकुती रंगवायची. पाच रविवार गेले. आई काही बोलली नाही, कागदावरून नुसता हात फिरवला.

घाटवाट: धावदोऱ्याची ना? आमच्याकडे वाकळ म्हणतात. आत आजीचं लुगडं. थंडीत अजून तीच लागते.

मेरीलँडकर: वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ आहे, जरूर बघा. मंदीत काम नसलेल्या चित्रकारांना सरकारनं १९३५ ते १९४२ या काळात जुन्या वापरातल्या वस्तू रंगवायला दिल्या. सुमारे १८,००० चित्रं, बरीचशी जलरंगात. रजया, पलंगपोस अगदी धाग्याधाग्यासकट. मला आमच्या सोलापुरी चादरी आठवल्या.

अबोली: कुकर लावून वाचतेय. अननसाच्या विणीला कितीचा दोरा घेऊ?

रानजाई: २० नंबर. सुई बारीक घे. आणि हात घट्ट ठेवू नकोस, कडा वळते.

अबोली: शिट्टी झाली, येते.

धागाकर्ती: रुमाल सापडला!! मावशीच्या देवघरात, समईखाली. तेलाचा डाग पडलाय, धुऊ नकोस म्हटलं. टिपकागद, डागासकट काढशील?

टिपकागद: काढते की. फोटो खिडकीच्या उजेडात घे, फ्लॅश नको. समई पण राहू दे.