आधी लोगो की आधी कपडा? नवीन पोरांच्या फॅशन धंद्यांबद्दल

हिशोबनीस
परवा भाचा आला होता, वय 23, कपड्यांचा ब्रँड काढतोय म्हणे. लॅपटॉप उघडून दीड तास दाखवत बसला, लोगो, रंग, कपडा ज्या खोक्यातून जाणार ते खोकं, खोक्यातला पातळ कागद, आभाराचं कार्ड. मी विचारलं, कपडा कुठाय? तर म्हणे ते नंतर मामा, आधी ब्रँडची स्टोरी पक्की करतोय.

मी छोट्या धंद्यांच्या वह्या बघतो आणि गेल्या काही वर्षांत अशी बरीच पोरं समोर येऊन बसलीयत, म्हणून जरा कडकच लिहितो. ह्यांच्यातले निम्मे तरी कपडे विकतच नाहीत, जाहिराती विकत घेतात. गिऱ्हाईक भाड्याने आणलेलं असतं, भाडं थकलं की ते पण गेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये ॲपलने आयफोनवर ट्रॅकिंगसाठी आधी परवानगी विचारणं सक्तीचं केलं, लोकांनी धडाधड नाही म्हटलं आणि नेम धरून जाहिरात दाखवणं महाग झालं. ज्यांचा सगळा संसार त्या एका नळावर चालला होता ते कोरडे पडले.

मोठं उदाहरण पाहिजे तर नॅस्टी गॅल घ्या, बायकांचे कपडे ऑनलाइन विकणारी अमेरिकन कंपनी. सोफिया अमोरुसोने 2006 मध्ये ईबे ह्या ऑनलाइन बाजारावर जुने कपडे विकायला सुरुवात केली, स्वतः निवडायची, स्वतः फोटो काढायची, झकास चाललं होतं. 2012 मध्ये गुंतवणूकदारांचे चार कोटी डॉलर आले. 2016 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज आणि पुढच्या वर्षी बूहू ह्या ब्रिटिश ऑनलाइन कपडे कंपनीने नाव वगैरे दोन कोटी डॉलरला उचललं. म्हणजे जेवढे एका फेरीत आले त्याच्या निम्मे. बोला.

उनाड_सुई
काका, तीन वर्षं झाली मी स्वतःचा छोटा ब्रँड चालवतेय, त्यामुळे जरा लागलंच हे वाचून. लोगो आधी केला म्हणून एवढं काय हो? दुकान टाकायचं तर पाटी आधी रंगवतातच की.

आणि एक बुडालेलं नाव घेऊन सगळ्या पिढीला झोडपायचं असेल तर मी तरलेलं घेते. जिमशार्क, व्यायामाच्या कपड्यांचा ब्रिटिश ब्रँड. काढणारा बेन फ्रान्सिस, 2012, कॉलेजात शिकतोय, संध्याकाळी पिझ्झा पोचवायची नोकरी आणि आईवडिलांच्या गॅरेजमध्ये एक शिलाई मशीन अन् स्क्रीन प्रिंटर. 2020 मध्ये बाहेरच्या कंपनीने हिस्सा घेतला तेव्हा किंमत एक अब्ज पौंडांच्या वर लागली. मधली आठ वर्षं बाहेरचं भांडवल न घेता. सारा ब्लेकली पण तशीच, फॅक्स मशीन विकायची, साठवलेल्या 5,000 डॉलरवर स्पॅन्क्स काढली, अंग घट्ट धरणाऱ्या आतल्या कपड्यांची कंपनी, कारखानेवाले हसून परत पाठवत होते. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की काय हे खूळ.

हिशोबनीस
तुझी दोन्ही उदाहरणं माझ्याच पारड्यात पडतायत, बघ. तो पोरगा आजीकडून शिवायला शिकला. ब्लेकलीने कंबरेपर्यंतच्या पातळ मोज्यांचे पावलांकडचे भाग स्वतः कात्रीने कापले होते, त्यातूनच तिची वस्तू सुचली. दोघांच्याही हातात आधी वस्तू होती. झारा ह्या स्पॅनिश कपड्यांच्या ब्रँडचं पण तेच, तो काढणाऱ्या ऑर्तेगाने स्पेनमधल्या ला कोरुन्यात पहिलं झारा 1975 ला उघडलं तेव्हा तो चाळिशीला टेकला होता, त्याच्या आधी पोरवयात शर्टाच्या दुकानात नोकरी आणि मग 1963 पासून गाऊन शिवायचा स्वतःचा कारखाना. शिवणं आधी, दुकान नंतर. माझा भाचा उलट्या टोकाने चाललाय एवढंच माझं म्हणणं.

उनाड_सुई
अर्धवट सांगताय. शिवायला शिकला हे खरं, पण वाढला कशाने? यूट्यूबवर व्यायामाचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना फुकट कपडे पाठवून. तेव्हा असं फार कुणी करत नव्हतं. ती पण जाहिरातच की, फक्त तुमच्या वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता. नुसता चांगला शर्ट शिवून कपाटात ठेवला तर तो चांगला आहे हे कळणार कुणाला? मी पहिल्या वर्षी हेच केलं, कापड उत्तम, शिलाई उत्तम, आणि महिन्याला 11 ऑर्डरी. त्यातल्या चार नातेवाईकांच्या.

कातरकाम
तुम्ही दोघंही चुलीपासून लांब बसून भांडताय. (जाता जाता, सुई ताई, 11 मध्ये चारच नातेवाईक म्हणजे सुरुवात चांगली होती.)

मी कटिंग टेबलावरचा माणूस, दुसऱ्यांच्या ब्रँडचा माल शिवून देतो. हा धंदा लोगोने मरत नाही आणि जाहिरातीनेही नाही, साईझने मरतो. हिशोब करा. पोरगं येतं, म्हणतं फक्त चारच डिझाईन करायच्यात, छोटी सुरुवात. चार डिझाईन, प्रत्येकी तीन रंग, प्रत्येकी पाच साईझ. झाले 60 प्रकार. प्रत्येकाचे फक्त 10 पीस घेतले तरी 600. आणि कापडवाला एका रंगाचं अर्धं ठाण रंगवून देत नाही, कमीत कमी अमुक इतकं घ्याच म्हणतो, म्हणून 600 चे हजार होतात. मग काय होतं, मधल्या साईझ पंधरवड्यात उडतात, कडेच्या पडून राहतात. साईटवर माल दिसतोय, पण जी मागतायत ती साईझ नाही, आणि सगळं खेळतं भांडवल त्या कडेच्या साईझमध्ये अडकलंय. मधल्या साईझ परत शिवायच्या तर पैसे नाहीत. मग सेल. एकदा सेल लावला की गिऱ्हाईक शहाणं होतं, पुढच्या खेपेला पूर्ण किमतीत घेतच नाही, सेलची वाट बघतं.

झाराचं नाव निघालंय म्हणून सांगतो, त्यांची खरी हुशारी डिझाईनमध्ये नाही, थोडं शिवायचं, दुकानात काय जातंय बघायचं, तेच परत पटकन शिवायचं, ह्यात आहे. बराचसा माल जवळपासच शिवतात म्हणून जमतं त्यांना. नवीन पोरगं मात्र स्वस्त पडतं म्हणून लांबच्या कारखान्याला एकदम मोठी ऑर्डर देतं, तीन महिन्यांनी माल येतो, तोवर तो रंग कुणी घालत नाही.

आणि माझ्याकडून चार-चार सॅम्पल फुकट करून घेतात, मग फोन उचलत नाहीत, ते वेगळंच. एकाने तर माझ्याच सॅम्पलचे फोटो लावून ऑर्डरी घेतल्या आणि माल दुसरीकडून शिवला.

नुसतीच_वाचक
मी गिऱ्हाईक. एकच ड्रेस तीन साईझमध्ये मागवते, दोन परत पाठवते. प्रत्येक ब्रँडचा मीडियम वेगळा असतो त्याला मी काय करू? इथलं वाचून पहिल्यांदाच जरा वाईट वाटलं, पण पुढच्या वेळी पण हेच करणार.

उनाड_सुई
@वाचक, तुमच्यासारख्यांनी मागच्या सणात माझा सगळा नफा खाल्लाय 😅 हलकं घ्या. पण खरंच, परत आलेला कपडा उघडायचा, डाग बघायचा, वास बघायचा, इस्त्री करायची, परत घडी घालून पिशवीत, आणि जाता-येताचं भाडं माझ्याच अंगावर. तीनदा फिरून आला की तो कपडा विकूनही मला काही उरत नाही.

कातरकाम दादांचं साईझचं गणित मात्र शंभर टक्के, मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर! आता मी ऑर्डर आल्यावरच शिवते. दोन डिझाईन, एकच रंग. लोक थांबतात.

कातरकाम
किती थांबतात?

उनाड_सुई
12 दिवसांपर्यंत ठीक. त्याच्या पुढे "कुठाय माझा कपडा" सुरू होतं.

फाटका_खिसा
इथे सगळे ब्रँड आणि भांडवलावर बोलतायत, शिवणाऱ्या हातांचं काय? 2013 मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळलं, 1,100 च्या वर माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना आत पाठवलं, कारण ऑर्डर वेळेत पाहिजे होती. 12 दिवस-12 दिवस करताना हे पण लक्षात असू दे.

हिशोबनीस
खिसा साहेब, मुद्दा रास्त आहे, पण इथे तरुण पोरांच्या छोट्या धंद्यांबद्दल चाललंय. वेगळा धागा काढा, मी येतो.

कातरकाम
वेगळा कशाला? इथलाच आहे तो. पोरगं सेलमध्ये तोटा खातं आणि पुढच्या ऑर्डरीला माझ्याकडे येऊन म्हणतं दादा शिलाई थोडी कमी करा. मी कुणाची कमी करणार? माझ्या टेबलावरच्याच कुणाचीतरी ना.

उनाड_सुई
ह्यावर काही बोलता येत नाही. मी पण एकदा म्हटलंय असं.

पण काका, तुमचा मूळ मुद्दा अजून पटलेला नाही. हातात आधी वस्तू नसली की बुडतात म्हणता. नॅस्टी गॅलकडे वस्तू होती, तुम्हीच लिहिलंय स्वतः निवडायची म्हणून. ऑलबर्ड्स ह्या अमेरिकन बूट कंपनीकडे तर लोकरीचे बूट होते, खरे, घातलेले, लोकांना आवडलेले. 2021 च्या नोव्हेंबरात 15 डॉलरने शेअर आला, पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट, आणि पुढे एक डॉलरच्या खाली. 2024 मध्ये 20 शेअरचा एक करावा लागला. वस्तू आधी असूनही.

हिशोबनीस
हां. हे मान्य. ऑलबर्ड्सचं मला धरता आलं नाही खरं. तरी मला वाटतं एका बुटावरून धडाधड दहा प्रकार काढायला गेले, दुकानं उघडत सुटले, तिथे कातरकाम म्हणतायत तेच झालं असणार, पडून राहिलेला माल. पण तू म्हणतेस तसं "वस्तू आधी" एवढ्याने भागत नाही, ते लिहून ठेवतो.

भाच्याला हा धागा पाठवला होता. लोगोचं सगळं मनावर न घेता सोडून दिलं, आणि मला विचारतोय मामा, 60 प्रकारांचे किती करू. मी म्हटलं एक डिझाईन, एक रंग, पाच साईझ. तर म्हणे एवढ्यात वेबसाईट रिकामी दिसते.

कातरकाम
मग वेबसाईट छोटी करायला सांगा. आणि सॅम्पलचे पैसे आधी, भाचा असला तरी.