बाबा समुपदेशनात फक्त जुन्या गोष्टी सांगतात, उपयोग होतो का?

प्रश्न: बाबा ७८ वर्षांचे. आई गेल्यापासून समुपदेशनाला जातात. तासभर नोकरीतल्याच आठवणी! समुपदेशक ताई नुसत्या ऐकतात.

उत्तर: मी ज्येष्ठांसोबतच काम करते. ते ऐकणं हेच काम आहे हो. पूर्वी अशा आठवणींना म्हातारचळ समजत. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला आयुष्याचा आढावा म्हटलं. तीच गोष्ट पुन्हा आली की मी त्यामागची भावना बोलून दाखवते, “तेव्हा सगळे तुमच्यावर विसंबून होते, ना?” बरेचदा इथेच आवाज बदलतो, आणि मग गेलेल्या माणसाचा विषय निघतो. घाई करू नका.

दुसरं उत्तर: झोप, भूक कमी झाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही उदासी येते.

प्रश्नकर्ती: भूक मंदावलीय खरी. तपासण्या करून घेते.