पूर्णवेळ नोकरी सांभाळून ब्यूटी थेरपी शिकणे : सल्ला हवा आहे

आबोली (चिंचवड)

नमस्कार. माझे वय ३६ असून मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात गेली १२ वर्षे काम करते. सोमवार ते शनिवार साडेनऊ ते साडेसहा अशी कामाची वेळ आहे आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. मुलगा सातवीत आहे. गेल्या वर्षभरात आमच्या विभागातील बरेचसे काम संगणक प्रणालीकडे गेल्यामुळे पुढच्या पाच वर्षांत ही खुर्ची राहील की नाही, अशी शंका मनात आहे. त्वचेच्या आणि केसांच्या निगेची आवड मला कॉलेजपासून आहे. तेव्हा हे काम नीट शिकून पुढे तोच व्यवसाय करावा, असे ठरवत आहे.

मी दोन ठिकाणी चौकशी केली. पहिल्या जागी ‘फक्त रविवारी या, तीन महिन्यांत आंतरराष्ट्रीय डिप्लोमा’ असे सांगितले. दुसऱ्या जागी वर्षभर रोज दिवसभर यावे लागेल असे सांगितले, जे नोकरी सोडल्याशिवाय शक्य नाही. नोकरी न सोडता हे शिक्षण प्रामाणिकपणे पूर्ण होऊ शकते का, किती काळ लागेल, आणि नोकरी सोडण्याची योग्य वेळ कशी ओळखावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. केवळ शुभेच्छा देण्याऐवजी कृपया आकडे द्यावेत, ही हिशेबनिसाची विनंती.

निवृत्त निदेशक

आबोलीताई, मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे कॉस्मेटॉलॉजी शिकवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्या जागेचा ताळेबंद आपणच मांडून पाहावा. या क्षेत्रात ज्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राला खरोखर मान आहे, ते देणारी सिडेस्को ही संस्था १९४६ साली स्थापन झाली आणि तिच्या ब्यूटी थेरपी डिप्लोमासाठी १,२०० तासांचे प्रशिक्षण लागते. तीन महिन्यांत रविवार येतात तेरा. प्रत्येक रविवारी सहा तास धरले तरी बेरीज ७८ होते. आपण रविवारचे सहा तास आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी प्रत्येकी दोन तास, असे दहा तास नियमाने दिले, तरी १,२०० तासांना १२० आठवडे, म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागेल. सणवार, मुलाच्या परीक्षा आणि कंपनीचा मार्चअखेर यात मी धरलेलाच नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो आणि शुल्कही कमी असते, परंतु तो दिवसाचा असल्यामुळे सध्या आपल्या उपयोगाचा नाही. आपल्याला जमेल असा मार्ग टप्प्याटप्प्याचा आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट ही तिसऱ्या स्तराची आणि ब्यूटी थेरपिस्ट ही चौथ्या स्तराची पात्रता आहे. आधी पहिली पूर्ण करावी, वर्षभर हात बसवावा आणि मग दुसरीकडे वळावे. प्रमाणपत्र कोण देणार आणि पात्रतेचा सांकेतिक क्रमांक कोणता, हे संस्थेला लेखी विचारावे. जी संस्था या प्रश्नावर भिंतीवरच्या चौकटी दाखवू लागते, तिथे पैसे भरू नयेत.

आणखी एक प्रश्न जरूर विचारावा, जो सहसा कोणी विचारत नाही : सराव कोणावर करायचा? अनेक वर्गांत विद्यार्थिनी एकमेकींच्याच हातापायांवर वॅक्सिंग शिकतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे हात स्वच्छ होतात आणि केस पुन्हा पट्टीला धरतील इतके वाढायला तीन-चार आठवडे जातात. त्या काळात अभ्यासक्रम पुढे सरकतो, सराव मात्र जागेवरच थांबतो. बाहेरच्या व्यक्ती सरावासाठी नियमित येतात का, हे एका रविवारी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

दोरा-रीळ (नाशिक)

निदेशकबाईंशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी स्वतः विमा कार्यालयात नोकरी करत हे शिकले आणि मला अडीच वर्षे लागली. त्यांनी तासांचा हिशेब दिला, मी वाराचा देते. नोकरदार बाईला जो रविवार मोकळा असतो, तोच तिच्या गिऱ्हाइकांनाही मोकळा असतो. त्यामुळे रविवार वर्गात घालवला तर गर्दीतले काम बघायला मिळत नाही आणि पार्लरमध्ये घालवला तर वर्ग बुडतो. मी शेवटी वर्ग मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ असा घेतला आणि रविवार एका ओळखीच्या पार्लरमध्ये बिनपगारी मदतनीस म्हणून काढला. आज मागे वळून पाहताना वर्गापेक्षा त्या रविवारांनी मला अधिक शिकवले, असे वाटते.

पहिले चार महिने मी फक्त वाट्या धुतल्या, नॅपकिनच्या घड्या घातल्या आणि वॅक्स गरम केले. तेव्हा अपमान वाटे. परंतु वॅक्स पातळ झाले की जाळते आणि घट्ट राहिले की कातडीवर नुसतेच ओढले जाते, ही मधली अवस्था मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून ओळखायला मी त्याच काळात शिकले. वॅक्स केसांच्या दिशेने पसरायचे आणि पट्टी उलट दिशेने ओढायची, हे पुस्तकातही असते. पण पट्टी वर उचलायची नाही, त्वचेला जवळजवळ घासूनच मागे न्यायची आणि दुसरा हात लगेच त्या जागेवर दाबून ठेवायचा, हे पार्लरच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवले तेव्हाच कळले. पट्टी वर उचलली की केस मध्येच तुटतात आणि काही दिवसांत गिऱ्हाईक पुरळ दाखवायला येते. एकदा वापरलेली स्पॅच्युला पुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडवू नये, ही शिस्तही मी तिथेच शिकले. ती पाळली जात नसलेली पार्लर मी नंतर बरीच पाहिली.

नोकरी कधी सोडावी, याचे माझे उत्तर असे आहे. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई किंवा दिवाळीआधीचे पंधरा दिवस पाहून निर्णय कधीही घेऊ नये, कारण त्या दिवसांत कोणाचाही धंदा चालतो. आषाढ आणि पितृपंधरवडा पाहावा. या दोन मंद्यांत घरभाडे, सामान आणि स्वतःचा किमान पगार निघाला, तर सोडावी. मी दोन पितृपंधरवडे थांबले. पहिल्या वर्षी त्या पंधरा दिवसांत माझ्याकडे चार गिऱ्हाइके आली होती आणि त्यातल्या दोघी माझ्या नणंदाच होत्या.

कागदपत्र (ठाणे)

दोन कोरड्या गोष्टी. आधी आपले नियुक्तिपत्र काढून वाचावे. परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये, असे कलम बहुतेक खासगी कंपन्यांच्या पत्रांत असते. शिकण्याला त्याची अडचण येत नाही, मात्र पैसे घेऊन काम सुरू केल्यावर येऊ शकते. सरकारी नोकरीत तर पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करताच येत नाही. पुढे गाळा घेतल्यास, महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. खुर्ची, स्टीमर, वॅक्स हीटर आणि पहिला माल यांना ते पुरावे.

आबोली (चिंचवड)

सर्वांचे मनापासून आभार. ७८ आणि १,२०० हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर पहिल्या जागेचा विषय माझ्यापुरता संपला. एक शंका राहिली. त्याच संस्थेच्या पत्रकात केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) आणि ‘स्वतःचे गोरेपणाचे क्रीम तयार करणे’ हेही होते. हे थेरपिस्टने शिकावे का?

औषधी (अकोला)

मी औषधनिर्माता आहे आणि आमच्याच शहरातले उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी येथील एका कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुंबईत झालेल्या तपासात त्या वापरत असलेल्या त्वचेच्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण फार मोठे आढळले, आणि ते क्रीम एका ब्यूटिशियनकडून घेतलेले होते. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागापेक्षा अधिक चालत नाही. दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. ती लावल्यावर पंधरा दिवस चेहरा उजळतो आणि नंतर त्वचा पातळ होऊन लालसर पडते. ‘माझ्या पार्लरचे खास क्रीम’ म्हणून बिनलेबलची डबी विकणाऱ्या बाईच्या हातात नेमके काय आहे, हे बहुधा तिलाही माहीत नसते.

मायक्रोनीडलिंग आणि खोलवरची पील ही त्वचारोगतज्ज्ञांची कामे आहेत, ती त्यांच्याकडेच राहू द्यावीत. त्याऐवजी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायला शिकावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील, तर वॅक्सिंग करू नये, कारण पट्टीबरोबर कातडीच निघते. मधुमेही व्यक्तीच्या पेडिक्युअरमध्ये क्युटिकल (नखाच्या मुळाची कातडी) कापणे आणि टाच खरवडणे टाळावे. केसांचा रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे थोडा लावून पाहावा. गिऱ्हाईक ‘मी नेहमी लावते’ म्हणाले, तरीही.

दोरा-रीळ (नाशिक)

औषधीदादांनी सांगितलेले प्रश्न मी एका वहीत छापून घेतले आहेत आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाची सही घेते. सुरुवातीला बायका हसायच्या. आता मैत्रिणीला घेऊन आल्या की त्याच सांगतात, ‘आधी वही भर.’

आबोली (चिंचवड)

निर्णय कळवते. नोकरी निदान अडीच वर्षे सोडत नाही. आमच्याच गल्लीतील पार्लरच्या काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘रविवारी सकाळी नऊला ये, पण गणपतीपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही.’ मी होकार दिला आहे. संध्याकाळच्या वर्गासाठी तिसऱ्या स्तराचा अभ्यासक्रम असलेली एक संस्था सापडली असून, पात्रतेचा क्रमांक त्यांनी न कुरकुरता लिहून दिला. दरम्यान काल रात्री स्वतःच्या नडगीवर थ्रेडिंगचा पहिला प्रयत्न केला. वीस मिनिटांत अकरा केस निघाले आणि दोरा चार वेळा तुटला. मुलगा शेजारी बसून मोजत होता.

निवृत्त निदेशक

दोरा चार वेळा तुटला म्हणजे पीळ अधिक पडले आहेत. सात-आठ पुरतात. नडगीवर आधी थोडी पावडर लावावी, दोरा दातात न धरता मानेभोवती घेण्याची सवय पहिल्यापासूनच लावावी, आणि पीळ केसांच्या वाढीच्या उलट दिशेने सरकवावा. पुढच्या वेळी केस मोजण्याऐवजी मुलाला त्वचा दोन्ही बाजूंनी ताणून धरायला सांगावे.