उत्तर: वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा?

प्रश्न असा आहे: जुन्या वाड्याच्या लोणा लागलेल्या (ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार फुटलेल्या) भिंतीवर सिमेंट चालेल का आणि इंटॅक ही वारसा जपणारी संस्था मदत करेल का. सिमेंट अजिबात नको! जोत्यातून चढणारी ओल त्यामागे कोंडते, क्षार विटांतच साठतात आणि वीट भुगा होऊन झडते. लाकडी खांबांचे पायही कुजतात. आधी पन्हळी, गळके नळ दुरुस्त करा. मग सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करा. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरवा, मग एक भाग चुन्यास तीन भाग धुतलेली वाळू मिसळा. थर पातळ, आठवडाभर ओलसर ठेवा. घाईने वाळला की तडकतो.

१९८४ साली स्थापन झालेल्या इंटॅकची पुण्यात शाखा आहे. तिथे अनुदानापेक्षा जाणकार वास्तुविशारद विचारा. वाडा वारसा यादीत असेल तर मात्र दुरुस्तीआधी महापालिकेच्या हेरिटेज विभागाची परवानगी घ्याच.