शब्दचर्चा : बेसबॉलमधली ‘सरासरी’

प्रश्न : बेसबॉलवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘बॅटिंग ॲव्हरेज .३१२’ असं येतं. मी ‘फलंदाजीची सरासरी’ लिहिलं, पण क्रिकेट बघणाऱ्याला वाटेल की गड्याला धड एक धावही जमत नाही. दुसरा शब्द आहे का?

– गल्लत ‘सरासरी’मुळे होत नाही, आपण मनात धावा धरतो म्हणून होते. क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद : ब्रॅडमनच्या ६९९६ धावा, ७० वेळा बाद, म्हणून ९९.९४. बेसबॉलच्या या आकड्यात धावा येतच नाहीत. हिट (चेंडू टोलवून स्वतःच्या जोरावर बेस, म्हणजे धावताना गाठायचा थांबा, सुखरूप गाठणं) भागिले ॲट-बॅट (हिशोबात धरली जाणारी फलंदाजीची खेप), एवढंच. त्यामुळे तो एकाच्या वर जाऊच शकत नाही. ‘यशाचं प्रमाण’ म्हणा की सरळ.

– ‘प्रमाण’ नको. ऑन-बेस पर्सेंटेज नावाचा, फलंदाज किती प्रमाणात बेसवर पोचतो हे सांगणारा वेगळा आकडा आहे, तो शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा लागेल. माझं मत ‘हिट-सरासरी’ला.

– मग हिटला ‘फटका’ आणि ॲट-बॅटला ‘पाळी’ म्हणू?

– दोन्ही चुकतील. चेंडू सणसणीत टोलवला आणि तो झेलला गेला, तर फटका झाला, हिट नाही. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे फलंदाज बेसवर पोचला, तरी हिट नाही, पण ॲट-बॅट मात्र धरला जातो. पाळीचं उलट आहे. समजा फलंदाज पाच वेळा उभा राहिला. एकदा चार ‘बॉल’ (फलंदाजाने न मारलेले, ठरलेल्या चौकटीबाहेरचे चेंडू) पडून वॉक, म्हणजे आपसूक पहिला बेस मिळाला, एकदा चेंडू अंगावर लागला. या दोन पाळ्या हिशोबात येत नाहीत. साथीदाराला पुढे सरकवायला स्वतः बाद होत केलेला सॅक्रिफाइस बंटही (चेंडूला बॅट नुसती हलकेच लावणं) येत नसतो, पण या पाचांत तसा एकही नव्हता. उरले तीन ॲट-बॅट. त्यांत एक हिट असेल तर १ भागिले ३, म्हणजे .३३३. म्हणून ‘हिट’ आणि ‘ॲट-बॅट’ तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात उलगडून सांगा.

– आकडा वाचायचा कसा? ‘दशांश तीन एक दोन’?

– अमेरिकेत ‘तीनशे बारा’ म्हणतात आणि मराठीतही ते छान बसतं : हजार ॲट-बॅटमागे ३१२ हिट. तिसऱ्या अंकाची किंमत कळायला १९४१ सालचा बॉस्टन रेड सॉक्स संघाचा फलंदाज टेड विल्यम्स आठवावा. हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याचे ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट होते, म्हणजे .३९९५५. छापताना .४०० हा मानाचा आकडा झाला असता, तो टिकवायला तो बाहेर बसू शकला असता. तो बसला नाही. त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठांत सहा हिट मारले आणि ४५६ला १८५ करून .४०६वर हंगाम संपवला. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण भागाकारातला प्रत्येक अंक माणसाने मैदानात उभं राहून कमावलेला दिसतो.

– पटलं. वाक्य असं करते : ‘त्याची हिट-सरासरी .३१२, म्हणजे दर हजार ॲट-बॅटमागे ३१२ हिट.’ पुढे सगळीकडे नुसतं ‘तीनशे बारा’.