लेक गाडी शिकतेय आणि बाजूला बसून माझा पाय ब्रेक शोधतोय

घोडबंदरची_आई:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या. लेकीला १८ पूर्ण झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात लर्निंग लायसन्स काढलं, घरबसल्या ऑनलाइन टेस्ट, चिन्हं एका संध्याकाळी पाठ केली आणि वर मलाच विचारते की आई हे निळ्या गोलातलं काय सांग बघू, मला नाही आलं. मग घराजवळच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये २१ दिवसांचा क्लास लावला. मास्तर भला माणूस, पण त्या गाडीत त्याच्या बाजूला पण क्लच आणि ब्रेक असतो ना, तर २१ दिवस गाडी खरं तर तोच चालवत होता असं आता कळतंय. कारण आमच्या गाडीत बसली आणि सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या रॅम्पवरच चार वेळा बंद पाडली, चौथ्या वेळी गाडी मागे यायला लागली, मागे सातव्या मजल्यावरचे काका हॉर्नवर हात ठेवून, मी किंचाळले, ती रडली, शेवटी वॉचमनने काकांना मागे घ्यायला लावलं आणि मी सीट बदलून गाडी वर नेली.

तेव्हापासून ती चावीला हात लावत नाहीये. ह्यांना बसवलं तर हे पहिल्या गिअरपासून ओरडायला सुरुवात करतात. मी बसले की ओरडत नाही पण माझा पाय सारखा खाली दाबला जातो, जणू तिथे ब्रेक आहे, आणि ते बघून ती अजून घाबरते. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, पातलीपाड्याला राहतो, गेटबाहेर आलं की थेट सर्व्हिस रोड, ट्रक, टँकर, मेट्रोचं काम, सगळं एकदम अंगावर. शिकवायचं कुठे? आणि पुन्हा क्लास लावू का?

खारघरकर_बाबा:
ताई, रॅम्पवर कुठे सुरुवात केलीत, ती तर दहावीची परीक्षा आहे, तुम्ही बालवाडीत दिलीत 😀 माझ्या मुलाला मी पहिले दोन दिवस ॲक्सिलरेटरला पाय लावूच दिला नाही. सपाट जागा, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडायचा, एका जागी गाडी जराशी थरथरते, आवाज बदलतो, ती जागा पायाला कळली पाहिजे. गाडी नुसत्या क्लचवर पण सरकते सपाटीला. हे पन्नासेक वेळा करून घेतलं, कंटाळा आला त्याला, येऊ दे.
मग रॅम्प. हँडब्रेक ओढलेलाच ठेवायचा, थोडं ॲक्सिलरेटर, क्लच त्या थरथरीपर्यंत वर, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक खाली. मागे येतच नाही. मास्तर लोक हे शिकवत नाहीत, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला सांगतात, प्लेटा जळतात त्याने.
जागेचं म्हणाल तर रविवारी सकाळी साडेसहाला ऐरोली पुलावरून सरळ आमच्याकडे या, जाताना गाडी तुम्ही चालवा, आतल्या सेक्टरचे रस्ते रुंद आहेत आणि त्या वेळी कुत्र्यांशिवाय कोणी नसतं. पामबीच रोडला मात्र नेऊ नका, सगळे तिथेच न्यायला सांगतील. सकाळी सायकलवाले, आणि मोकळा रस्ता दिसला की बाकीचे कशी हाणतात ते माहितीच आहे.

सानपाडा_४३:
ऑटोमॅटिक घ्या, विषय संपला.

घोडबंदरची_आई:
@सानपाडा_४३ गाडीचे हप्ते अजून दोन वर्षं आहेत हो, तुम्ही भरता का 🙏

निवृत्त_स्टेअरिंग:
मी बसवर २६ वर्षं काढली, आता कळव्याला नातवंडं सांभाळतो. थोडं सांगू का. शिकणाऱ्याला "अगं अगं अगं" म्हणून काही कळत नाही, अगं म्हणजे थांबू की वळू? वळायच्या बरंच आधी शांतपणे "पुढच्या दुकानाला डावीकडे" एवढंच सांगायचं. धोका असेल तर एकच शब्द ठरवून ठेवायचा, "थांब", आणि तो खरोखर धोका असेल तेव्हाच वापरायचा. तुमचा उजवा हात हँडब्रेकजवळ असू द्या, म्हणजे पाय आपोआप गप्प बसेल, पायाला वाटतं काहीतरी सोय आहे. आणि पुढे मागे दोन्हीकडे पांढऱ्यावर लाल एल लावलाय का? बाजूला पर्मनंट लायसन्सवालाच पाहिजे. हे दोन्ही नसताना काही ठोकलं तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न हाच विचारणार.
दुसरा क्लास नको. पैसे वाचवा.

नेरूळची_सुमी:
विषय थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते, मुलगा १६ चा, क्लासला जायला ॲक्टिव्हा मागतोय, म्हणे सगळे मित्र आणतात आणि १६ ला लायसन्स मिळतं. मिळतं का खरंच?

खारघरकर_बाबा:
मिळतं, पण बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच. ॲक्टिव्हा त्याच्या दुप्पट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मी हे शेवटचं वाक्य मुलाला वाचून दाखवलं होतं, दंडाचं काही वाटलं नाही त्याला, २५ ऐकून मात्र गप्प झाला. फारच हट्ट असेल तर २५० वॉटच्या आतली, ताशी २५ च्या वर न जाणारी इलेक्ट्रिक घ्या, तिला लायसन्स लागत नाही. घेताना वेग कोणी वाढवून दिलेला नाही ना ते बघा.

नेरूळची_सुमी:
बसचा पास काढते 😀

घोडबंदरची_आई:
अपडेट द्यायला आले. दोन रविवार खारघरला नेलं, क्लचचं ते पन्नास वेळा करून घेतलं, मी हँडब्रेकजवळ हात ठेवून बसले आणि @निवृत्त_स्टेअरिंग काकांनी सांगितलं तसा पाय खरंच गप्प बसला. परत येताना मी चालवत होते तर आता बाई माझ्याच चुका काढायला लागली. आई इंडिकेटर वळल्यावर देतेस, आई सिग्नलला फोन बघतेस, आई आरशात शेवटचं कधी बघितलंस. ह्यांना फोन करून हसत हसत सांगितलं सगळं, हे म्हणाले बरोबरच आहे तिचं. म्हणजे मी २२ वर्षं चुकीची चालवतेय आणि कोणी बोललं नाही?
काल संध्याकाळी रॅम्प चढली. एकदाच बंद पडली. मागे तेच सातव्या मजल्यावरचे काका होते, हॉर्न वाजवला नाही, वर आल्यावर काच खाली करून तिला अंगठा दाखवला. आता आमची जागा दोन खांबांच्या मधे आहे आणि रिव्हर्सने लावायची आहे, त्यासाठी वेगळा धागा काढते.

निवृत्त_स्टेअरिंग:
आधी खांबांना जुने टायर बांधून घ्या. मग धागा काढा.